पिएर क्युरी

पिएर क्युरी (जन्म : १५ मे १८५९, पॅरिस, मृत्यू : १९ एप्रिल १९०६, पॅरिस) हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ होते. स्फटिकविज्ञान, चुंबकत्व आणि किरणोत्सर्ग या तीन क्षेत्रांत त्यांनी मूलभूत संशोधन केले. थोरले बंधू जाक क्युरी यांच्यासह त्यांनी १८८० मध्ये दाबविद्युत् परिणाम शोधून काढला. पत्नी मेरी क्युरी यांच्यासह त्यांनी १८९८ मध्ये पोलोनियम व रेडियम या मूलद्रव्यांचा शोध लावला. १९०३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक आंरी बेकरेल आणि क्युरी दांपत्य यांना विभागून देण्यात आले.

सर्वसामान्य वाचकांना पिएर क्युरी हे रेडियमचे एक संशोधक म्हणून परिचित आहेत. तथापि रेडियमचा शोध ज्या मापनामुळे शक्य झाला, त्या मापनाचे साधन त्यांनी त्यापूर्वी सुमारे पंधरा वर्षे आधीच घडवले होते. हे साधन म्हणजे क्वार्ट्झच्या स्फटिकाची पट्टी होय. आज निर्वात कक्षात धातूंचे अतिशय पातळ थर मोजण्यासाठी वापरले जाणारे क्वार्ट्झ संवेदक त्याच दाबविद्युत् गुणधर्मावर चालतात.

बालपण व शिक्षण

पिएर यांचे वडील यूजेन क्युरी हे व्यवसायाने डॉक्टर व विचारांनी प्रजासत्ताकवादी होते. १८७१ च्या पॅरिस कम्यूनच्या उठावात त्यांनी आपल्या घरातच जखमींवर उपचार केले. पिएर यांच्या आईचे नाव सोफी-क्लेर देपुली असे होते. पिएर हे या दांपत्याचे धाकटे चिरंजीव.

पिएर यांची विचार करण्याची पद्धत संथ होती. एका विषयात मन गुंतले की दुसऱ्याकडे वळणे त्यांना जड जाई. शाळेची ठरावीक चाकोरी या मुलाला मानवणार नाही हे ओळखून वडिलांनी त्यांना शाळेत घातले नाही. प्रारंभीचे शिक्षण आईवडील व भाऊ यांच्याकडून घरीच झाले. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना आल्बेर बाझी हे गणिताचे शिक्षक लाभले आणि भूमितीची गोडी लागली. अवकाशातील आकृती मनात फिरवून पाहण्याची ही सवय पुढे स्फटिकांच्या अभ्यासात फार उपयोगी पडली.

सोळाव्या वर्षी ते विज्ञान शाखेची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाले आणि अठराव्या वर्षी, १८७७ मध्ये, त्यांनी सॉरबॉन येथून भौतिकशास्त्राची पदवी मिळवली. आर्थिक कारणांमुळे डॉक्टरेटचा अभ्यास त्यांना लगेच सुरू करता आला नाही. १८७८ मध्ये ते सॉरबॉनमध्येच प्रयोगशाळा साहाय्यक म्हणून रुजू झाले.

दाबविद्युत् परिणामाचा शोध

जाक क्युरी हे त्या वेळी सॉरबॉनच्या खनिजविज्ञान प्रयोगशाळेत साहाय्यक होते. तोरमल्लीसारखे काही स्फटिक तापवले असता त्यांच्या टोकांवर विद्युत् भार निर्माण होतो, हे आधीपासून ज्ञात होते. दोघा भावांनी त्यामागील कारणाचा विचार केला. स्फटिक तापला की प्रसरण पावतो आणि त्याच्या अंतर्गत रचनेतील अंतरे बदलतात. हा बदल उष्णतेऐवजी दाबाने घडवला तरीही विद्युत् भार निर्माण व्हावा, असा त्यांचा तर्क होता. कोणत्या स्फटिकांत आणि कोणत्या दिशेने दाब दिल्यास हे घडेल, याचेही अनुमान त्यांनी स्फटिकांच्या सममितीवरून बांधले.

१८८० मध्ये हा तर्क प्रयोगाने खरा ठरला. तोरमल्ली, क्वार्ट्झ, पुष्कराज, उसाची साखर व रोशेल मीठ यांच्या स्फटिकांवर योग्य दिशेने दाब दिला असता समोरासमोरील पृष्ठांवर विरुद्ध चिन्हांचे विद्युत् भार निर्माण झाले. दाब काढून घेतल्यावर भारांची चिन्हे उलटत. ज्या स्फटिकांना सममितिकेंद्र असते त्यांच्यात हा परिणाम दिसत नाही. पुढच्याच वर्षी गाब्रिएल लिपमान यांनी उष्मागतिकीच्या आधारे असे दाखवले की याचा व्यत्यासही खरा असला पाहिजे. म्हणजेच स्फटिकाला विद्युत् दाब दिल्यास त्याचा आकार किंचित बदलला पाहिजे. क्युरी बंधूंनी हा सूक्ष्म बदल प्रत्यक्ष मोजून दाखवला.

या वेळी पिएर अवघे एकवीस वर्षांचे होते. या कार्याबद्दल दोघा बंधूंना फ्रेंच विज्ञान अकादमीचे प्लांते पारितोषिक मिळाले ते १८९५ मध्ये, म्हणजे शोधानंतर पंधरा वर्षांनी.

क्वार्ट्झची तुला

क्वार्ट्झ हे सिलिकॉन डायऑक्साइडचे खनिज आहे. मराठीत ज्याला गारगोटी म्हणतात तो दगड मुख्यतः याच खनिजाचा असतो आणि दख्खनच्या बेसॉल्ट खडकातील पोकळ्यांतही त्याचे स्फटिक आढळतात. क्वार्ट्झ कठीण असते, हवेतील आर्द्रतेने विरघळत नाही आणि त्याचा दाबविद्युत् गुणधर्म काळानुसार फारसा बदलत नाही. रोशेल मिठात हा परिणाम कितीतरी अधिक तीव्र असतो, पण ते पाण्यात विरघळते. दीर्घकाळ भरवशाचे मापन करायचे असेल तर क्वार्ट्झच योग्य ठरते.

क्युरी बंधूंनी क्वार्ट्झची लांब व पातळ पट्टी विशिष्ट दिशेने कापून घेतली, तिच्या दोन्ही रुंद पृष्ठांवर कथलाचा वर्ख बसवला आणि ती उभी टांगली. पट्टीच्या खालच्या टोकाला एक पारडे असे. पारड्यात वजन ठेवले की पट्टी ताणली जाई आणि वर्खांवर त्या वजनाच्या प्रमाणात विद्युत् भार जमा होई. एक न्यूटन बलाला, म्हणजे सुमारे १०२ ग्रॅम वजनाला, क्वार्ट्झमध्ये केवळ दोन पिकोकूलोमच्या आसपास भार निर्माण होतो. एक पिकोकूलोम म्हणजे एका कूलोमचा एक लाख कोटीवा भाग. या मांडणीत पट्टीची लांबी जाडीच्या जितकी पट असेल तितक्या पटीने भार वाढतो. म्हणूनच पट्टी लांब आणि पातळ ठेवलेली असे.

या साधनाचे महत्त्व त्याच्या संवेदनशीलतेपेक्षाही त्याच्या पडताळणीक्षमतेत आहे. पट्टीवरील भार ज्ञात विद्युत् दाबाच्या डॅनियल घटाशी ताडून पाहता येई आणि एकदा हा संबंध निश्चित झाला की पुढे पारड्यात ठेवलेल्या वजनावरूनच विद्युत् भार किती हे सांगता येई. अतिसूक्ष्म विद्युत् भाराचे मापन अशा रीतीने साध्या वजनांशी जोडले गेले. अज्ञात राशी ज्ञात राशीशी ताडून उपकरणाचे वाचन निश्चित करण्याच्या या क्रियेला आज प्रयोगशाळांत कॅलिब्रेशन म्हणतात. पिएर यांच्या पुढील सर्व कार्यात ही शिस्त दिसते.

अध्यापन, सममिती व चुंबकत्व

१८८२ मध्ये पॅरिस नगरपालिकेने औद्योगिक भौतिकी व रसायनशास्त्राची नवी शाळा सुरू केली. पिएर तेथे प्रयोगशाळेचे प्रमुख झाले आणि बावीस वर्षे त्या संस्थेत राहिले. वेतन तुटपुंजे होते व स्वतःच्या संशोधनासाठी स्वतंत्र जागा नव्हती. १८८३ मध्ये जाक माँपेलिए येथे अध्यापनासाठी गेल्याने बंधूंचे एकत्र संशोधन थांबले. पदोन्नतीसाठी अर्ज करणे, वरिष्ठांच्या भेटी घेणे हे पिएर यांच्या स्वभावात नव्हते. परिणामी परदेशात त्यांचे नाव आदराने घेतले जात असताना फ्रान्समध्ये ते दीर्घकाळ उपेक्षित राहिले.

या काळात त्यांनी हेलकावे न घेता चटकन स्थिर होणारी संवेदनशील तुला बनवली. १८९४ मध्ये त्यांनी भौतिक घटनांतील सममितीविषयी महत्त्वाचा लेख प्रसिद्ध केला. कारणात असलेली सममिती परिणामातही उतरली पाहिजे आणि परिणामात दिसणाऱ्या असममितीचे मूळ कारणात सापडले पाहिजे, हे तत्त्व आज क्युरी तत्त्व म्हणून ओळखले जाते.

१८९५ मध्ये त्यांनी विविध तापमानांतील पदार्थांच्या चुंबकीय गुणधर्मांवर डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. समचुंबकीय पदार्थांची चुंबकीय प्रवृत्ती निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते, हा क्युरी नियम त्यात आहे. लोहचुंबकीय पदार्थ एका ठरावीक तापमानाला आपले लोहचुंबकत्व गमावतो. त्या तापमानाला क्युरी तापमान म्हणतात. लोखंडासाठी ते सुमारे ७७० अंश सेल्सियस आहे.

विवाह

१८९४ च्या वसंत ऋतूत पिएर यांची भेट पोलंडहून शिक्षणासाठी पॅरिसला आलेल्या मारिया स्क्लोदोव्स्का यांच्याशी झाली. त्या मायदेशी परतण्याच्या विचारात होत्या. पॅरिसमध्ये राहून संशोधन करावे यासाठी पिएर यांनी त्यांचे मन वळवले. २६ जुलै १८९५ रोजी सो या गावी, कोणत्याही धार्मिक विधीशिवाय, त्यांचा विवाह झाला. विवाहानंतर दोघांनी सायकलवरून प्रवास केला. त्यांना इरेन (जन्म १८९७) आणि एव्ह (जन्म १९०४) या दोन मुली झाल्या. घरातील वृद्ध यूजेन क्युरी यांनी नातींच्या संगोपनाचा मोठा भार उचलला.

किरणोत्सर्गाचे मापन

१८९६ मध्ये आंरी बेकरेल यांना युरेनियमच्या क्षारांतून अदृश्य किरण बाहेर पडतात असे आढळले. १८९७ च्या अखेरीस मेरी क्युरी यांनी हा विषय डॉक्टरेटसाठी निवडला. बेकरेल यांचा शोध मुख्यतः छायाचित्रणाच्या काचेवर उमटणाऱ्या ठशावर आधारलेला होता. अशा ठशावरून किरणांची तीव्रता अचूकपणे सांगता येत नव्हती. हे किरण हवेला विद्युत्‌वाहक बनवतात. त्यामुळे हवेतून वाहणारा प्रवाह मोजला तर किरणांची तीव्रता आकड्यांत मांडता येणार होती. मात्र हा प्रवाह एका अँपिअरच्या दहा हजार कोटीव्या भागाएवढा क्षीण होता. तो मोजण्यासाठी पिएर यांची क्वार्ट्झची तुला व विद्युत्‌मापक पुन्हा वापरात आले.

मापनाची पद्धत अशी होती. दोन धातूच्या चकत्यांपैकी एकीवर तपासावयाच्या पदार्थाची पूड पसरली जाई. किरणांमुळे दुसऱ्या चकतीवर विद्युत् भार जमू लागे व विद्युत्‌मापकाच्या आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका सरकू लागे. त्याच वेळी प्रयोगकर्ता क्वार्ट्झच्या पारड्यातील वजन हातावरून हळूहळू सोडून विरुद्ध चिन्हाचा भार पुरवी आणि ठिपका शून्यावरच धरून ठेवी. संपूर्ण वजन पारड्यावर येण्यास लागलेला वेळ घड्याळाने मोजला जाई. वजनावरून भार आणि भाराला वेळेने भागून प्रवाह मिळे. ठिपका शून्यावर असल्याने विद्युत्‌मापकाच्या स्वतःच्या दोषांचा निकालावर परिणाम होत नसे. ही क्रिया साधण्यास हाताची मोठी स्थिरता व सराव लागे; मेरी यांनी ती पूर्ण आत्मसात केली.

या मापनांनी एक अनपेक्षित गोष्ट उघड केली. युरेनियम धातूच्या तुलनेत पिचब्लेंड या युरेनियमच्या खनिजाचा एक नमुना सुमारे साडेतीनपट सक्रिय निघाला. चाल्कोलाइट हे खनिजही युरेनियमपेक्षा अधिक सक्रिय होते. पण तेच संयुग प्रयोगशाळेत शुद्ध रसायनांपासून बनवले असता त्याची सक्रियता बरीच कमी, युरेनियमच्या प्रमाणाशी जुळणारी निघाली. म्हणजे उपकरण चुकत नव्हते. खनिजातच एखादे अज्ञात द्रव्य अल्प प्रमाणात असले पाहिजे होते. आकडे विश्वसनीय नसते तर ही तफावत प्रयोगातील चूक म्हणून सोडून दिली गेली असती.

हे पाहून पिएर यांनी स्फटिकांवरील आपले काम बाजूला ठेवले व ते मेरींच्या संशोधनात सामील झाले. जुलै १८९८ मध्ये पोलोनियमचा आणि डिसेंबर १८९८ मध्ये, ग्युस्ताव्ह बेमाँ यांच्या सहकार्याने, रेडियमचा शोध जाहीर झाला. पुढील काम शाळेच्या आवारातील एका गळक्या छपराच्या शेडमध्ये चालले. बोहेमियातील योआखिमस्थाल येथील खाणीतून आलेल्या कित्येक टन खनिज-अवशेषांवर प्रक्रिया करून मेरी यांनी १९०२ मध्ये सुमारे एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड वेगळे केले. पिएर यांनी रेडियमच्या गुणधर्मांचा अभ्यास केला. १९०३ मध्ये त्यांनी आल्बेर लाबोर्द यांच्यासह दाखवून दिले की एक ग्रॅम रेडियम दर तासाला सुमारे १०० कॅलरी उष्णता सतत बाहेर टाकते. अणूच्या आत साठलेल्या ऊर्जेचा हा आरंभीचा ठोस पुरावा होता.

रेडियमचा त्वचेवरील परिणाम पाहण्यासाठी पिएर यांनी ते स्वतःच्या दंडावर कित्येक तास बांधून ठेवले. त्यामुळे झालेली जखम भरून येण्यास अनेक आठवडे लागले. या निरीक्षणांतून रेडियमच्या वैद्यकीय उपयोगाची दिशा मिळाली. क्युरी दांपत्याने रेडियम शुद्ध करण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले नाही. ती पद्धत सर्वांसाठी खुली ठेवली.

सन्मान व अखेरची वर्षे

१९०३ च्या नोबेल पारितोषिकासाठी फ्रान्समधून झालेल्या शिफारशीत मेरी यांचे नाव नव्हते. ही गोष्ट कळताच पिएर यांनी पत्र लिहून मेरी यांच्या कार्याचाही विचार व्हावा असे कळवले आणि पुढे तिघांची नावे जाहीर झाली. प्रकृती व अध्यापनाचे काम यांमुळे दांपत्य समारंभाला जाऊ शकले नाही. पिएर यांनी स्टॉकहोम येथे नोबेल व्याख्यान दिले ते जून १९०५ मध्ये. रेडियम दुष्टांच्या हाती पडल्यास घातक ठरू शकेल, हा धोका त्यांनी त्यात मांडला. तरीही नव्या ज्ञानातून मानवजातीचे अहितापेक्षा हितच अधिक होईल, असा विश्वास व्यक्त केला.

फ्रेंच शासनाने देऊ केलेला लीजन ऑफ ऑनर हा किताब त्यांनी नाकारला. किताबापेक्षा प्रयोगशाळेची गरज त्यांना अधिक वाटत होती. विज्ञान अकादमीच्या १९०२ च्या निवडणुकीत ते पराभूत झाले होते. १९०५ मध्ये ते निवडून आले. १९०४ मध्ये सॉरबॉनमध्ये त्यांच्यासाठी प्राध्यापकपद निर्माण झाले. तोवर सततच्या थकव्याने व पायांच्या वेदनांनी त्यांची प्रकृती खालावली होती.

१९ एप्रिल १९०६ रोजी पाऊस पडत असताना पॅरिसमधील र्‍यू दोफिन हा रस्ता ओलांडताना ते घसरून एका जड घोडागाडीखाली सापडले. त्यांचा जागीच मृत्यू झाला. त्या वेळी ते ४६ वर्षांचे होते. मनासारखी प्रयोगशाळा त्यांना अखेरपर्यंत लाभली नाही. त्यांचे अध्यापनाचे काम मेरी यांच्याकडे आले; सॉरबॉनमध्ये शिकवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. सो येथील दफनभूमीत विसावलेल्या दोघांचे अवशेष एप्रिल १९९५ मध्ये पॅरिसच्या पाँथेऑनमध्ये हलवण्यात आले.

वारसा

१९१० मध्ये किरणोत्सर्गाच्या एककाला क्युरी हे नाव देण्यात आले. १९११ मध्ये मेरी यांनी तोलून सीलबंद केलेला रेडियमचा प्रमाण नमुना तयार केला. जगभरच्या प्रयोगशाळांनी आपली मापने ज्याच्याशी ताडून पाहावीत असा हा आधार होता. पिएर यांची कन्या इरेन व जावई फ्रेदेरिक झोलियो यांना १९३५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कोलकात्यातील आजच्या साहा अणुकेंद्रीय भौतिकी संस्थेचे उद्घाटन जानेवारी १९५० मध्ये इरेन यांच्या हस्ते झाले.

दाबविद्युत् परिणामाचा मोठा व्यावहारिक उपयोग पिएर यांचे विद्यार्थी पॉल लांजव्हँ यांनी पहिल्या महायुद्धात केला. पाण्याखालील पाणबुड्यांचा वेध घेण्यासाठी त्यांनी क्वार्ट्झपासून श्राव्यातीत ध्वनी निर्माण केला. पुढे क्वार्ट्झच्या नियमित कंपनांवर चालणारे आंदोलक व घड्याळे आली. १९५९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ ग्युंटर झाउअरब्राय यांनी असे दाखवले की कंप पावणाऱ्या क्वार्ट्झच्या चकतीवर पातळ थर बसला तर चकतीची वारंवारता त्या थराच्या वस्तुमानाच्या प्रमाणात घटते. पिएर यांच्या तुलेत वजनावरून विद्युत् भार कळत असे. येथे कंपनांवरून वस्तुमान कळू लागले.

दुर्बिणींचे आरसे, भिंगांवरील लेप व अर्धवाहक उपकरणे यांसाठी निर्वात कक्षात धातू किंवा ऑक्साइड यांची पातळ पटले बसवली जातात. पटल वाढत असताना त्याची जाडी क्वार्ट्झ संवेदकाने मोजतात. दर सेकंदाला ६० लाख कंपने करणाऱ्या चकतीवर १०० नॅनोमीटर जाडीचे अॅल्युमिनियम बसले की वारंवारता सुमारे २,२०० हर्ट्झने उतरते. संवेदक प्रत्यक्षात वस्तुमान मोजतो. जाडी काढण्यासाठी पदार्थाची घनता द्यावी लागते. घनता चुकीची दिली तर जाडीही चुकते. थर जाड होत गेला की क्वार्ट्झ व पटल यांच्या लवचिकतेतील फरकाचीही दुरुस्ती करावी लागते. कक्षातील उष्णतेने वारंवारता बदलू नये म्हणून संवेदक पाण्याने थंड ठेवतात.

याशिवाय संवेदक आणि ज्या काचेवर पटल हवे ती काच कक्षात वेगवेगळ्या जागी असतात. दोन्हींवर सारखेच द्रव्य पडत नाही. म्हणून चाचणीचे एक पटल बनवून त्याची खरी जाडी स्वतंत्र उपकरणाने मोजतात आणि तिला संवेदकाने दाखवलेल्या जाडीने भागून टूलिंग फॅक्टर नावाचा गुणक काढतात. संवेदकाने २०० नॅनोमीटर दाखवले आणि प्रत्यक्ष जाडी २३० नॅनोमीटर निघाली, तर हा गुणक १.१५ ठेवावा लागतो. संवेदकाची किंवा काचेची जागा बदलली की तो पुन्हा काढावा लागतो.

संवेदकाच्या पडद्यावर उमटणारा आकडा अशा रीतीने ज्ञात मापाशी ताडल्यानंतरच विश्वासार्ह ठरतो. पिएर क्युरी यांनी क्वार्ट्झच्या पट्टीखाली वजने टांगून हीच पद्धत रूढ केली होती आणि तिच्याच बळावर पिचब्लेंडमधील अज्ञात मूलद्रव्यांचे अस्तित्व सिद्ध झाले होते.